मजले वेगळे, पाया एकच
ऑक्टोबरच्या पडझडीने बहुस्तरीय प्रणालींच्या रचनाकारांपुढे ठेवलेला प्रश्न

२० ऑक्टोबर २०२५. भारतात नरकचतुर्दशी. घरोघरी अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून दुपारच्या जेवणाची तयारी सुरू होती. लंडनमध्ये सोमवारची सकाळ होती आणि घड्याळात ७ वाजून ४८ मिनिटे झाली होती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारची रात्र संपत आली होती. नेमक्या त्या वेळी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रसमूहात, ज्याला या व्यवसायात ‘यूएस-ईस्ट-१’ म्हणून ओळखतात, एका डेटाबेस-सेवेचा पत्ता इंटरनेटच्या नोंदवहीतून पुसला गेला. सेवा जिवंत होती, तिच्यातील विदा शाबूत होती. फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता कोरा झाला होता.

पुढील काही तासांत ब्रिटनमधील लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंडच्या ग्राहकांना आपल्या खात्यांत शिरता येईना. ब्रिटिश करखात्याच्या संकेतस्थळावर अडचणी आल्या. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स, ड्युओलिंगो अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या सेवा एकाच वेळी कोलमडल्या. मूळ दोष सुमारे अडीच तासांत दूर झाला. मात्र सर्व सेवा पूर्ववत होईपर्यंत लंडनमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते.

ही घटना एकटी राहिली नाही. २९ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲझ्युअर फ्रंट डोअर’ या सेवेत अनवधानाने झालेल्या एका मांडणी-बदलामुळे हीथ्रो विमानतळ आणि नॅटवेस्ट बँकेच्या संकेतस्थळांवर परिणाम झाला आणि स्कॉटलंडच्या संसदेला मतदान स्थगित करावे लागले. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यातील एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली आणि एक्स व चॅटजीपीटीसह असंख्य संकेतस्थळे बंद पडली. महिन्याभरात तीन वेगवेगळ्या कंपन्या आणि तीन वेगवेगळी तांत्रिक कारणे. वृत्तपत्रांनी या घटनांचे वर्णन ‘क्लाउडचे अपयश’ असे केले. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. ज्या संस्था या पडझडीत सापडल्या त्यांच्या प्रणालींची रचना कागदावर तरी स्तरास्तरांची, सुटसुटीत आणि कोठेही हलवता येण्याजोगी होती. मग त्या हलल्या का नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

तीन स्तरांचे मूळ वचन

बहुस्तरीय रचनेची कल्पना एका अडचणीतून जन्मली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कार्यालयीन प्रणाली बहुधा दोन स्तरांच्या असत. कारकुनाच्या संगणकावरील पडदा थेट डेटाबेसशी बोलत असे आणि व्यवसायाचे नियम, म्हणजे व्याज कसे आकारायचे, सवलत कोणाला द्यायची, त्या पडद्यामागील कोडमध्येच लिहिलेले असत. नियम बदलला की शेकडो संगणकांवर नवी आवृत्ती बसवावी लागे, आणि कर्मचारी वाढले की डेटाबेसला जोडलेल्या जोडण्याही तेवढ्याच वाढत.

त्यावर उपाय म्हणून मधला स्तर आला. वर सादरीकरण, मध्ये व्यवसायाचे नियम आणि तळाशी विदा. नियम एकाच जागी बदलायचे. पडद्याची जागा ब्राउझरने घेतली तरी मधल्या स्तराला त्याचे सोयरसुतक नाही. एक डेटाबेस जाऊन दुसरा आला तरी वरच्या मजल्यांना धक्का नाही. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असे आश्वासन दिले होते. डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जे-टू-ईई’ या मानकसंचाने तेच आश्वासन संपूर्ण उद्योगप्रणालीला लागू केले. वेबलॉजिकवर लिहिलेली प्रणाली वेबस्फिअरवर किंवा जेबॉसवर नेता यावी, असा तो करार होता. पुण्या-मुंबईतून २००० नंतर लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत आलेल्या मराठी अभियंत्यांच्या एका मोठ्या पिढीने आपली उमेदीची वर्षे हाच मधला स्तर लिहिण्यात घालवली.

हे वचन पूर्णांशाने कधीच पाळले गेले नाही. प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरने मानकापलीकडच्या सोयी दिल्या आणि घाईत असलेल्या प्रकल्पांनी त्या वापरल्या. खुद्द मानकही मालकी हक्कांच्या वादातून सुटले नाही. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या हाती गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने हा मानकसंच एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले, पण ‘जावा’ हे नाव वापरण्याचा हक्क सोबत दिला नाही. परिणामी ‘जकार्ता’ हे नवे नाव आले आणि २०२० च्या आवृत्तीत ‘जावाएक्स’ने सुरू होणारी नावे ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. तर्क तोच, वर्तन तेच. पण केवळ नामांतरापायी जगभरच्या प्रणालींना कोडच्या असंख्य ओळी बदलाव्या लागल्या. स्थलांतरक्षमता हा केवळ तांत्रिक गुण नसून ती करार, मालकी आणि व्यवहार यांवरही अवलंबून असते, याचा हा धडा होता.

भार खाली सरकला

विस्तारक्षमतेची गोष्ट याच रचनेतून निघते. वापरकर्ते दहापट झाले तर मधल्या स्तराच्या दहा प्रती उभ्या करायच्या आणि येणारी मागणी त्यांच्यात वाटून द्यायची, हे सूत्र आहे. मात्र ते साधण्यासाठी मधल्या स्तरातील कोणत्याही प्रतीने स्वतःजवळ काही लक्षात ठेवता कामा नये. ग्राहकाच्या टोपलीत काय आहे, त्याने प्रवेश केव्हा केला, त्याचा व्यवहार कोणत्या टप्प्यावर आहे, हे सारे खाली, विदास्तरात ठेवायचे. मधला स्तर अशा रीतीने हलका, बदलता येण्याजोगा आणि हवा तितका वाढवता येण्याजोगा झाला. त्याची किंमत विदास्तराने मोजली. सगळी स्मृती आणि म्हणून सगळी जोखीम तेथे साठत गेली.

२०१३ मध्ये डॉकर आणि २०१४ मध्ये कुबरनेटीस आले, तेव्हा मधल्या स्तराचे जुने स्वप्न जवळपास खरे झाले. कंटेनरमध्ये बांधलेली प्रणाली आज एका कंपनीच्या केंद्रातून दुसऱ्या कंपनीच्या केंद्रात फारशा फेरफारांशिवाय चालते. पण त्याच दशकात विदास्तर, रांगा, साठे, ओळखपडताळणी अशा तळाच्या सेवा क्लाउड कंपन्यांकडून तयार घेण्याची पद्धत रूढ झाली. २०१२ मध्ये आलेली ॲमेझॉनची ‘डायनॅमोडीबी’ ही अशीच सेवा. २० ऑक्टोबरला पुसला गेलेला पत्ता तिचाच होता.

अशा सेवा निवडणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. २०२४ च्या ‘प्राइम डे’ला ॲमेझॉनच्या स्वतःच्या प्रणालींनी याच डेटाबेसकडे सेकंदाला कमाल १४.६ कोटी मागण्या पाठवल्या आणि त्याने त्या पेलल्या. एवढी क्षमता स्वबळावर उभी करणे बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र या क्षमतेसोबत बंधनही येते. अशा डेटाबेसमध्ये माहितीची मांडणी ती पुढे कशी वाचली जाणार हे आधी ठरवून करावी लागते आणि त्या मांडणीचे ठसे मधल्या स्तरातील कोडवर उमटतात. पोस्टग्रेससारखा खुला डेटाबेस एका कंपनीकडून घेतला तरी दुसरीकडे तीच भाषा बोलणारा पर्याय मिळतो. येथे तो तसा मिळत नाही. कंटेनर हलतो, पण त्याचा आड मागे राहतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण या रचनेला तंतोतंत लागू पडते.

व्हर्जिनियात नेमके काय घडले

ॲमेझॉनने नंतर प्रसिद्ध केलेला तपशील या दृष्टीने मननीय आहे. डायनॅमोडीबीचे पत्ते सतत अद्ययावत ठेवण्यासाठी दोन प्रकारच्या यंत्रणा काम करतात. एक पत्त्यांच्या योजना आखते, आणि दुसरी, जिच्या एकाहून अधिक स्वतंत्र प्रती चालतात, त्या योजना अमलात आणते. त्या दिवशी अंमलबजावणी करणारी एक प्रत विलक्षण रेंगाळली. तोवर दुसरीने नवी योजना लागू केली. रेंगाळलेल्या प्रतीने नंतर येऊन आपली जुनी योजना त्यावर चढवली, आणि लगेच दुसऱ्या प्रतीच्या साफसफाईत ती योजना ‘फारच जुनी’ म्हणून नष्ट झाली. उरला तो कोरा पत्ता, आणि तो आपोआप दुरुस्त होऊ शकत नव्हता. त्यासाठी माणसाचा हात लागला.

यातील विसंगती लक्षणीय आहे. एकापेक्षा अधिक प्रती ठेवल्या होत्या त्या सुरक्षिततेसाठीच. दोष उद्भवला तो त्यांच्यातील शर्यतीतून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढची साखळी. नवे सर्व्हर उभे करणारी ॲमेझॉनची यंत्रणा स्वतःची स्थिती डायनॅमोडीबीत ठेवत असे. पत्ता हरवल्याबरोबर तिचे प्रत्यक्ष सर्व्हरांशी असलेले अल्पमुदतीचे करार संपू लागले. पत्ता परत आल्यावर इतके करार एकदम नव्याने करण्याची वेळ आली की ती यंत्रणा स्वतःच्याच रांगेत अडकली. म्हणजे मागणी वाढल्यास सर्व्हर वाढवावेत हे विस्तारक्षमतेचे मूळ सूत्रच त्या दिवशी बहुतांश काळ लंगडे झाले होते.

युरोपातील ग्राहकांना बसलेल्या झळांचे एक कारणही येथेच आहे. विदा आयर्लंडमध्ये किंवा लंडनमध्ये असली तरी ओळखपडताळणीतील बदलांसारखी काही जागतिक कामे व्हर्जिनियातील केंद्रांवर विसंबून होती. रचनेच्या आकृतीत प्रत्येक चौकट युरोपात दाखवलेली असते. त्या चौकटींना आज्ञा देणारी यंत्रणा कोठे बसते, हे आकृतीत बहुधा नसते.

कायद्याने दिलेला हक्क

या पडझडीच्या आधीच युरोप आणि ब्रिटनमधील नियामकांनी स्थलांतरक्षमतेकडे बाजारपेठेचा प्रश्न म्हणून पाहण्यास सुरुवात केली होती. युरोपीय संघाचा ‘डेटा ॲक्ट’ १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला क्लाउड कंपनी बदलायची असल्यास जास्तीत जास्त दोन महिन्यांची पूर्वसूचना पुरेशी आहे आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत स्थलांतर पार पडले पाहिजे. १२ जानेवारी २०२७ पासून या स्थलांतरासाठी शुल्क आकारता येणार नाही.

ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने ३१ जुलै २०२५ रोजी आपल्या चौकशीचा अंतिम निर्णय दिला. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचा ब्रिटिश बाजारातील वाटा प्रत्येकी ३० ते ४० टक्के असल्याचे आणि वर्षाकाठी एक टक्क्याहूनही कमी ग्राहक कंपनी बदलत असल्याचे निरीक्षण त्यात आहे. विदा बाहेर नेण्याचे शुल्क आणि तांत्रिक अडथळे ही त्यामागची कारणे प्राधिकरणाने नोंदवली, आणि या दोन कंपन्यांना विशेष बाजारस्थानाचा दर्जा द्यावा काय, याची चौकशी २०२६ च्या आरंभी प्राधान्याने हाती घेण्याची शिफारस केली.

वित्तक्षेत्रातील नियम याहून कडक आहेत. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला युरोपचा ‘डोरा’ हा नियम बँकांना महत्त्वाच्या सेवांसाठी बाहेर पडण्याची योजना तयार ठेवण्यास आणि तिची पडताळणी करण्यास सांगतो. त्याखाली १८ नोव्हेंबरला १९ ‘महत्त्वपूर्ण’ तंत्रज्ञान-पुरवठादारांची यादी जाहीर झाली. तीत ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या बरोबरीने मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचेही नाव आहे. ब्रिटनमध्ये अशी नियमावली १ जानेवारी २०२५ पासून अस्तित्वात असली तरी ऑक्टोबरच्या पडझडीच्या दिवशी तिच्या यादीत एकही नाव नव्हते. त्याचा जाब संसदेच्या अर्थविषयक समितीने सरकारला विचारला. भारतात रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या निर्देशांतही बाहेर पडण्याच्या धोरणाची अट आहे.

हक्क आणि क्षमता

तथापि कायदा देतो तो बाहेर पडण्याचा हक्क. बाहेर पडण्याची क्षमता रचनेतूनच यावी लागते. डेटा ॲक्टच्या मसुद्यातच हे अंतर दिसते. नुसते सर्व्हर आणि साठवणूक देणाऱ्या सेवांबाबत नव्या ठिकाणी तुल्य कामगिरी मिळावी यासाठी जुन्या कंपनीने आपल्या अखत्यारीतील वाजवी प्रयत्न करावेत, अशी अपेक्षा आहे. वरच्या पातळीवरच्या तयार सेवांबाबत मात्र खुले संपर्कमार्ग आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात विदा देणे, एवढ्यावरच भर आहे. दुसऱ्या शब्दांत, विदेची गाठोडी परत मिळतील. त्या गाठोड्यांवर नवे घर बांधायचे काम ग्राहकाचे.

ते काम किती अवघड असते, याचा ब्रिटनला अनुभव आहे. एप्रिल २०१८ मध्ये टीएसबी बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या मालकाच्या प्रणालीतून नव्या प्रणालीत एकाच शनिवार-रविवारी हलवली. विदा सुखरूप पोहोचली. पण तिच्यावरचे स्तर भार पेलू शकले नाहीत. नवी प्रणाली दोन डेटाकेंद्रांवर एकाच वेळी चालणार होती, आणि भाराच्या चाचण्या मात्र एकाच केंद्रावर झाल्या होत्या, असे नंतरच्या स्वतंत्र चौकशीत निष्पन्न झाले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. बाहेरच्या पुरवठादारांच्या कामावर पुरेशी देखरेख न ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता.

हा दुसरा दंड रकमेने लहान असला तरी परिणामाने मोठा आहे. पुरवठादार तयार असल्याचे सांगतो, एवढे म्हणून जबाबदारी संपत नाही, हे त्याने ठरवून टाकले. परदेशातील बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खात्यांमध्ये रचनाकार किंवा कार्यक्रमप्रमुख म्हणून काम करणाऱ्या मराठी व्यावसायिकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या सहीने मंजूर होणाऱ्या आकृत्या यापुढे नियामकाच्या टेबलावर जाणार आहेत.

दोन टोके टाळून

यावर ‘सगळे दोन कंपन्यांकडे चालवा’ असा सरधोपट उपाय सुचवला जातो. तो बहुतेकांना परवडणारा नाही आणि अनेकदा हिताचाही नाही. दोन्हीकडे चालेल तेवढेच वापरायचे म्हटले की दोन्हीकडच्या उत्तम सोयींवर पाणी सोडावे लागते. दोन ठिकाणच्या विदेत एकवाक्यता राखण्याची यंत्रणा स्वतःच नवा दोषबिंदू होते. व्हर्जिनियातील प्रसंगात प्रती अधिक असल्यामुळेच शर्यत उद्भवली, हे विसरता येत नाही. स्तर आणि तुकडे वाढवले म्हणजे गुणवत्ता वाढते, हाही भ्रमच. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओतील एका चमूने २०२३ मध्ये आपली चित्र-ध्वनी दर्जा तपासणारी विखुरलेली प्रणाली एकसंध केली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले.

याच्या दुसऱ्या टोकाला असलेली बेफिकिरीही परवडणारी नाही. या दोहोंमधला मार्ग स्तरागणिक निर्णय घेण्याचा आहे. मधला स्तर खुल्या मानकांवर ठेवणे आज स्वस्त आहे, तेव्हा तेथे तडजोडीचे कारण नाही. विदास्तरात प्रत्येक मालकीच्या सेवेमागे एक लेखी हिशेब हवा: या सेवेमुळे काय मिळते, ती सोडण्यास किती माणसे आणि किती महिने लागतील, आणि ती दिवसभर बंद राहिली तर कोणती कामे थांबतील. ग्राहकाला खात्यातील कालची शिल्लक दाखवता आली, निदान अडचण स्पष्ट सांगता आली, तरी निम्मा गोंधळ टळतो. त्यासाठी वरच्या स्तराने खालच्या स्तराविना थोडा वेळ तग धरण्याची तजवीज मुळातच करावी लागते. आणि बाहेर पडण्याची योजना कागदावर ठेवून भागत नाही. वर्षातून एकदा तरी एखादी लहान प्रणाली खरोखर हलवून पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही.

या हिशेबात पोर्टेबिलिटी आणि टिकाऊपणा यांची गल्लत होऊ देता कामा नये. हलवता येणारी प्रणाली पडझडीच्या दिवशी हलतेच असे नाही. २० ऑक्टोबरच्या सकाळी कोणतीही बँक तासाभरात दुसऱ्या कंपनीकडे गेली नसती. स्थलांतरक्षमतेचे मोल त्या सकाळी नव्हे, तर पुढच्या करारनाम्याच्या वेळी कळते. जो ग्राहक जाऊ शकतो त्याचेच म्हणणे पुरवठादार ऐकतो.

तीन स्तरांच्या मूळ कल्पनेत एक साधे शहाणपण होते: कोणताही मजला इतका गुंतवू नये की तो बदलताना सगळी इमारत पाडावी लागेल. गेल्या दशकात ते वरच्या दोन मजल्यांपुरते पाळले गेले आणि पायाच्या बाबतीत विसरले गेले. स्थलांतरशुल्क संपुष्टात येण्याचा दिवस ठरला आहे. १२ जानेवारी २०२७ च्या सकाळी युरोपातील ग्राहकांसाठी दार उघडे असेल. मात्र आपली विदा उचलून त्या दारातून बाहेर पडण्याची तयारी कोणाची आहे, हे २०२६ मध्ये होणाऱ्या रचनेच्या बैठकांतच ठरणार आहे.